कपाटात गेलेला रेणू

औषधशास्त्र शिकवताना मी प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धडा नेहमी डेट्रॉइटपासून सुरू करायचो. मुलं चक्रावायची. 1964 साली तिथल्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी एझेडटी तयार केलं, तेही कर्करोगासाठी. कल्पना देखणी होती: डीएनएच्या साखळीत खोटा दुवा घुसवायचा, म्हणजे पुढचा दुवा जोडलाच जात नाही. पण ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर काही परिणाम दिसेना. रेणू कपाटात गेला. हॉर्विट्झ यांनी पेटंटही घेतलं नाही. 1987 मध्ये तोच रेणू अमेरिकेत मान्यता मिळालेलं एड्सवरचं पहिलं औषध ठरला. नफा झाला तो ते औषध विकणाऱ्या कंपनीला. हॉर्विट्झ यांच्या हाती छदामही आला नाही, हे मला अजून खटकतं.

प्रोस्टेटच्या बाबतीत हाच प्रवास उलट दिशेने झाला: दुसऱ्या आजारांवरची औषधं कर्करोगाकडे वळली. प्रोस्टेटची गाठ पुरुषी संप्रेरकावर पोसते, हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. संप्रेरकाचा पुरवठा तोडला की गाठ आक्रसते. पुढे मात्र बऱ्याचदा या उपायाला दाद देईनाशी होते. अशा वेळी 1980 च्या दशकात केटोकोनॅझोल कामी आलं. हे खरं बुरशीवरचं औषध, पण संप्रेरकाची निर्मितीच अडवणारं! मग विषाणूंवरच्या औषधांकडेही नजर वळली. एचआयव्हीवरच्या नेल्फिनाविरने प्रयोगशाळेत प्रोस्टेटच्या कर्कपेशींची वाढ रोखली. पण प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी तो मान्य उपचार नाही. तेव्हा एखादी बातमी वाचून दुकानात जाण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.