मिलिसेकंदांचा हिशोब आणि आराधी गाण्यांचा ठेका

घरी कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करणाऱ्याची एक तक्रार ठरलेली असते. नांदेड-लातूरकडे ती अशी ऐकू येते: "दादा, वाजवताना तर बराबर वाजवलो होतो, प्ले केलं की मागंपुढं व्हायलंय." त्यावर शेजारी बसलेला दुसरा कुणीतरी लगेच सल्ला देतो, "सोड की, क्वांटाइझ मार." म्हणजे सगळे सूर आणि ठोके ओढून जवळच्या आखीव रेघेवर बसवायचे. एक बटण, काम फत्ते.

माझं म्हणणं असं की या दोन वाक्यांच्या मध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जातो. चूक नक्की कुणाची? वाजवणाऱ्याची, तारेची, की घड्याळाची? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल. नमनाला घडाभर तेल घालत नाही, थेट १९८२ ची मुंबई.

तारेआधी आणि तारेनंतर

त्या वर्षी चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने रोलंड कंपनीची तीन यंत्रं वापरून दहा रागांची एक रेकॉर्ड केली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं. तेव्हा ती फारशी चालली नाही, पण २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर तिची चर्चा झाली. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. ८०८ आणि ३०३ एकमेकांशी 'डिन सिंक' नावाच्या पद्धतीने बोलू शकत, कारण दोन्ही एकाच कंपनीची. दुसऱ्या कंपनीचं यंत्र आणलं की बोलणं बंद.

हा घोळ मिटवायला अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले. हाच मिडी. दोघांना त्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातात: अमुक सूर दाबला, इतक्या जोरात, आता सोडला. वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट्स. हा विचित्र आकडा आला कुठून? १० लाखाला ३२ ने भागा. १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावरून तो स्वस्तात काढता येई.

आता हिशोब करू. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून १० बिट्स, म्हणजे ०.३२ मिलिसेकंद. एका सुराचा निरोप ३ बाइटचा, म्हणजे साधारण १ मिलिसेकंद. तार एकपदरी आहे, निरोप रांगेत जातात. दहा बोटांनी एकदम दाबलेल्या दहा सुरांपैकी शेवटचा पोचायला जवळपास १० मिलिसेकंद लागतात. 'रनिंग स्टेटस' नावाच्या युक्तीने, म्हणजे पहिला बाइट पुन्हापुन्हा न पाठवता, हेच पावणेसात मिलिसेकंदांवर येतं.

हे फार आहे का? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठोका गायकाच्या कानावर ९ मिलिसेकंद उशिराच येतो, आणि शेकडो वर्षं त्याबद्दल कुणी तक्रार केलेली नाही :-) म्हणजे तार बहुतेक वेळा निर्दोष.

घड्याळ कुठे बिघडलं

१९८५ मध्ये अटारी एसटी हा कॉम्प्युटर आला, त्याला मिडीची भोकं कारखान्यातूनच होती. तो एका वेळी एकच काम करी आणि म्हणूनच वेळेचा पक्का होता. १९८९ चं क्यूबेस आधी त्याच्यावरच आलं.

आपल्याकडे अटारी कुणी पाहिला? आपल्याकडे आला विंडोजवाला पीसी. मिडीची तार साउंड कार्डाच्या जॉयस्टिकच्या भोकात जोडायची. पुढे ते भोकही गेलं (२००७ च्या व्हिस्टाने त्याचा आधारच काढून घेतला) आणि यूएसबी आलं. यूएसबीचा जुना प्रकार दर मिलिसेकंदाला एकदा पुढे सरकतो, तेवढं चालतं. खरी गंमत विंडोजच्या आत होती. तिथे नेहमीचं घड्याळ सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी एक टिक करतं. सॉफ्टवेअरने खास मागणी केली तर १ मिलिसेकंदाची टिक मिळते, न केल्यास निरोप पुढच्या टिकेची वाट बघत बसतो. कधी २ मिलिसेकंद, कधी १४. त्यात एकाच मशीनमध्ये घड्याळं अनेक. प्रोसेसरचं वेगळं, मदरबोर्डचं वेगळं, साउंड कार्डाचं वेगळं. सुरुवातीच्या काही ड्युअल-कोअर मशीन्समध्ये तर दोन कोअरची घड्याळंही एकमेकांशी जुळत नसत.

आमच्याकडचे स्टुडिओ

मराठवाड्यात मिडी दारातून आला तो ऑक्टापॅडच्या रूपाने. रोलंडचा १९८५ चा पहिला ऑक्टापॅड, पॅड-८, स्वतः आवाजच करत नव्हता. काठी मारली की मिडीचा निरोप पाठवायचा, एवढंच. पुढच्या पॅडांमध्ये आवाज आले, आणि ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नाची बँजो पार्टी, सगळीकडे ऑक्टापॅड दिसायला लागला.

मग घरातल्या एका खोलीत स्टुडिओ निघाले. नांदेडकरांना हैदराबाद जवळ, त्यामुळे सामान तिकडून. असेंबल केलेला पीसी, ऑनबोर्ड साउंड, एक कीबोर्ड, एक पॅड, एक माइक आणि भिंतीला चिकटवलेले अंड्याचे ट्रे. गाणी कुठली? माहूरच्या रेणुकेची आणि तुळजापूरच्या भवानीची आराधी गाणी, माळेगावच्या खंडोबाची, १४ एप्रिलची भीमगीतं.

२००५ नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची, त्यामुळे टायमिंग बिघडलं की व्होल्टेजला शिव्या. व्होल्टेजने गुणगुण येते, मशीन बंद पडतं, पण ठोका मागेपुढे होत नाही. (मिडीच्या तारेत मध्ये प्रकाशाने निरोप पोचवणारा ऑप्टोकपलर असतो, त्यामुळे अर्थिंगची गुणगुणही तिच्यातून येत नाही.) वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो, वीज वाचवायला प्रोसेसर मंदावतो आणि आवाज अडखळतो, ही गोष्ट मात्र खरी.

तीन आजार

लातूरच्या एका मित्राच्या स्टुडिओत आम्ही एक साधी तपासणी केली. कीबोर्ड काढला, मिडी आउटची तार सरळ मिडी इनमध्ये खुपसली. सॉफ्टवेअरने आखीव ठोके बाहेर पाठवायचे आणि तेच परत रेकॉर्ड करायचे. माणूस मध्ये नाहीच, मग जो फरक दिसेल तो यंत्राचा. फरक तीन तऱ्हेचा असू शकतो.

पहिला, कायमचा. प्रत्येक ठोका सारखाच उशिरा. त्याला उलटा ऑफसेट दिला की झालं.

दुसरा, भटकता. एक ठोका ३ मिलिसेकंद उशिरा, पुढचा १३, मग ६. याला जिटर म्हणतात. कायमच्या उशिराशी कान जुळवून घेतो, जिटरशी नाही. इथे ड्रायव्हर किंवा पोर्ट बदलावा लागतो.

तिसरा, वाढता. सुरुवातीला बरोबर, पाचव्या मिनिटाला घसरलेलं. दोन घड्याळांत दहा लाखात ५० चा फरक असेल तर पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद साचतात. वेळेचा शिक्का कुठल्या घड्याळाचा मारायचा, ही सेटिंग शोधायची.

मित्राकडे निघाला दुसरा. ड्रायव्हर बदलल्यावर तपासणी जवळपास सरळ रेघेत आली. खर्च शून्य.

या तपासणीत एक गोष्ट पकडली जात नाही: मेट्रोनोमचा उशीर. ऑनबोर्ड साउंड आणि साधा ड्रायव्हर असेल तर क्लिकच ४० मिलिसेकंद उशिरा ऐकू येऊ शकते. वादक क्लिकवर अचूक वाजवतो, आणि सॉफ्टवेअरने भरपाई केली नाही तर त्याचा ठोका ४० मिलिसेकंद उशिरा नोंदला जातो. याच त्रासावर १९९७ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने असिओ हा ड्रायव्हरचा प्रकार काढला. २५६ सॅम्पलचा बफर ठेवला तर तो एका फेरीला ६ मिलिसेकंदही घेत नाही.

क्वांटाइझ शेवटी का

आता ते बटण. मिनिटाला १०० मात्रांची लय घ्या. एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, तिचे चार भाग केले तर रेघा ०, १५०, ३०० आणि ४५० वर. संबळ किंवा ढोलकी वाजवणारा जाणता माणूस मात्रेतला मधला ठोका बरोबर ३०० वर टाकत नाही. तीन भागांच्या हिशोबाने तो ४०० वर पडला असता, तसाही टाकत नाही. माझ्या कानाला तो मधेच कुठेतरी पडतो, समजा ३४० वर. गाणं डुलतं ते या ४० मिलिसेकंदांमुळे.

क्वांटाइझ केलं की ३४० चा ठोका ३०० वर बसतो. डुलणं गेलं. आणि क्लिकचा ४० चा उशीर आधी काढला नसेल तर तोच ठोका ३८० ला नोंदलेला असतो, त्याला जवळची रेघ ४५० ची! ठेकाच बदलला. मग सगळे वादकाकडे बघतात. साठीतला संबळवाला, आयुष्यभर रात्र-रात्र जागरणं केलेला, हेडफोन काढून म्हणतो, "माझंच चुकलं असंल." मला जास्त खटकतं ते हे. यंत्राची चूक माणसाच्या नावावर लिहिली जाते आणि तो ती मुकाट्याने मान्य करतो.

शिवाय ही गाणी स्वरलिपीत लिहून ठेवलेली नाहीत. पुढची पोरं मोबाइलवर ऐकूनच शिकणार. रेकॉर्डिंगमध्ये जो ठेका राहील तोच पुढे खरा ठरेल.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० चं प्रमाण मंजूर झालं. त्यात निरोपासोबत वेळेचा शिक्का पाठवायची सोय केली, खास जिटर मारण्यासाठी. त्या शिक्क्याचं एकक काय ठेवलं असेल? सेकंदाचा ३१,२५० वा भाग. जुन्या तारेतला एक बिट :-)

थोडक्यात काय, आधी तार उलटी खुपसून यंत्र तपासा, मग क्लिकचा उशीर काढा, मग तो टेक नुसता ऐका. एवढं करून क्वांटाइझ करावंसं वाटलंच तर जरूर करा, पण मूळ टेकची एक कॉपी ठेवा. मिडी फाइल असते काही किलोबाइटची. क्वांटाइझ करून सेव्ह केलेल्या फाइलमधून ते ४० मिलिसेकंद परत काढायला आपल्या धंद्यात अजून तरी अनडू निघालेलं नाही.