गोंडे उसवा, मग विका

ज्यूंच्या प्रार्थनेच्या शालीला तल्लीत म्हणतात. तिच्या चारही टोकांना विशिष्ट गाठी मारलेले गोंडे असतात, ते त्सित्सित. तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मचर्चांच्या ग्रंथातल्या 'मेनाहोत' या भागात या शालीच्या विक्रीविषयी एक नियम आहे: परधर्मीयाला ती विकायची असेल, तर आधी गोंडे सोडवून घ्यावेत. कापड खुशाल जाऊ द्यावे, गोंडे जाऊ देऊ नयेत.

या नियमाचे एक कारणही तिथेच दिले आहे. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाच्या अंगावर गोंडे दिसले, तर ज्यू प्रवासी त्याला आपला समजून बरोबर घेईल. तो वाटमाऱ्या निघाला, तर प्रवाशाचा जीव जाईल. योसेफ कारोचा 'शुलहान आरुख' हा धर्मनियमांचा ग्रंथ 1565 साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यातही हा नियम कायम होता. क्राकोचा रब्बी मोशे इस्सर्लेस याने तो आणखी कडक केला. अशी शाल परधर्मीयाकडे गहाणसुद्धा ठेवू नये, असे त्याने लिहिले.

ज्यू नसलेल्यांनी ज्यूंची धार्मिक वस्त्रे घालावीत का, हा प्रश्न आज बहुधा फॅशनच्या निमित्ताने विचारला जातो. या परंपरेने मात्र त्याचा विचार फार पूर्वीच केला होता, आणि सगळ्या वस्त्रांना एकच उत्तर दिलेले नाही.

गोंड्यांची आज्ञा थेट तोरातली, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातली आहे. 'गणना' या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात इस्राएलच्या लोकांना सांगितले आहे की, वस्त्राच्या टोकांना गोंडे लावा, त्यांत एक निळा धागा घाला आणि ते पाहून देवाच्या आज्ञा आठवा. हा निळा रंग भूमध्य समुद्रातल्या म्युरेक्स जातीच्या गोगलगायींपासून मिळत असे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तो बनवण्याची विद्या पुढे लोपली आणि शतकानुशतके गोंडे पांढरेच राहिले. अर्थ मात्र बदलला नाही. परंपरेने मोजलेल्या 613 आज्ञा आपल्यावर बंधनकारक आहेत, याची ती खूण. शाल पांघरताना म्हणायच्या आशीर्वादात देवाने 'आम्हाला' ही आज्ञा दिली, असे शब्द येतात. पुरुषाला त्याच्या शालीत गुंडाळून पुरतात, तेव्हा एक गोंडा कापून ती शाल बाद करण्याची प्रथा आहे, कारण मृतावर आज्ञांचे बंधन उरत नाही. विकताना आणि पुरताना गोंड्यावरच हात चालतो, यावरून त्याचे मोल कळते.

टोपीची गोष्ट वेगळी. प्रत्येक पुरुषाने डोके झाकावे, अशी आज्ञा तोरात कुठेही नाही. रव हुना बरेह दे-रव येहोशुआ हे उघड्या डोक्याने चार हातही चालत नसत, असे तालमुद सांगतो. एका विद्वानाच्या अंगची ही नम्रता कालांतराने सगळ्यांची रीत झाली. म्हणून किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी गोल टोपी, पाहुण्याला देता येते, किंबहुना दिलीच जाते. जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीपाशी येणाऱ्या पुरुषांकडून डोके झाकण्याची अपेक्षा असते. 2017 च्या मे महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प तिथे काळी किप्पा घालूनच गेले. पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, किंवा मुंबईच्या एखाद्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातल्या मित्राच्या लग्नाला गेलेला मराठी पाहुणाही डोके झाकूनच बसतो. त्याला शाल मात्र कोणी पांघरायला देत नाही.

ओळखीची भीती दुसऱ्या, म्हणजे ख्रिस्ती बाजूलाही होती, आणि त्या बाजूच्या हाती सत्ता होती. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने फर्मावले की ज्यू आणि मुसलमान यांनी पोशाखावरून वेगळे ओळखू यावे. इंग्लंडमध्ये एडवर्ड पहिला याच्या 1275 च्या कायद्याने सात वर्षांवरील प्रत्येक ज्यूला पिवळ्या नमद्याची खूण छातीवर लावायला भाग पाडले. सप्टेंबर 1941 मध्ये नाझी जर्मनीने पिवळा तारा सक्तीचा केला आणि पुढच्या जूनमध्ये तो व्याप्त फ्रान्समध्ये आला. तेव्हा पॅरिसमध्ये ज्यू नसलेल्या काही तरुण-तरुणींनी निषेध म्हणून स्वतःच्या कपड्यांवर तारे लावले. त्यांतल्या काहींना पकडून द्रांसीच्या छावणीत डांबण्यात आले. डेन्मार्कच्या राजाने असा तारा लावल्याची कथा जगभर सांगितली जाते, पण ती खरी नाही. डेन्मार्कमध्ये ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती. पॅरिसच्या त्या तरुणांनी मात्र खरी किंमत मोजली.

एप्रिल 2018 मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर किप्पा घातलेल्या एका तरुणाला पट्ट्याने मारहाण झाली. तो ज्यू नव्हता, इस्राएलमधला अरब होता. काही दिवसांतच शहरातल्या ज्यू संघटनेने हाक दिली आणि सुमारे दोन हजार लोक किप्पा घालून जमले. त्यांत ज्यू नसलेलेही पुष्कळ होते.

याच्या शेजारी दोन वेगळी उदाहरणे ठेवावीत. 1993 मध्ये जाँ पॉल गोतिए या फ्रेंच फॅशनकाराने हसिदी ज्यूंच्या पोशाखावरून एक संग्रह सादर केला. 2016 मध्ये एच अँड एम कंपनीचा पट्ट्यापट्ट्यांचा, झालरीचा स्कार्फ तल्लीतसारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि कंपनीने माफी मागितली. पण चार कोपऱ्यांच्या गोंड्यांविना ते कापडच होते; धर्मनियमाने पाहिले तर ओरड होण्याजोगे त्यात फारसे काही नव्हते. त्याहून कितीतरी गंभीर बाब आहे ती काही ख्रिस्ती उपासना मंडळ्यांत खरी तल्लीत, गोंड्यांसकट, पांघरण्याची. तिथे घेतली जाते ती दुसऱ्याच्या कराराची खूण, तो करार न पाळता. सद्भावनेने केले तरी ते करू नये.

ही सीमा रक्ताने आखलेली नाही. ज्याला खरोखर गोंडे हवे आहेत, त्याने रब्बींच्या हाताखाली शिकावे, तीन जणांच्या धर्मसभेसमोर उभे राहावे, सुंता करून घ्यावी आणि मिकवेच्या, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडाच्या, पाण्यात बुडी मारावी. त्यानंतर तो तल्लीत पांघरून तोच आशीर्वाद म्हणतो आणि त्यातल्या 'आम्हाला' या शब्दात तोही असतो.