खानदेशातील डॅप्सोन

१९०६ मध्ये पूर्व (जळगाव) व पश्चिम (धुळे) असा विभागला गेलेला खानदेश १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात आला, तेव्हा उपचाराचा सारा भार डॅप्सोनच्या गोळीवर होता; १९८० च्या दशकातील बहुविध औषधोपचारातही ती टिकली. मात्र गोळी सुरू झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी मोजक्या रुग्णांना ताप येतो, अंगभर पुरळ उठून कातडी सोलवटते, कावीळही होते. हा त्रास कुष्ठरोगाचाच समजला गेला तर गोळी चालूच राहते, आणि खरा घात तिथे होतो. चिनी रुग्णांवरील २०१३ च्या अभ्यासाने त्याचा संबंध एचएलए-बी*१३:०१ शी, म्हणजे आपले-परके ओळखण्यास प्रतिकारशक्तीला मदत करणाऱ्या जनुकाच्या एका रूपाशी, जोडला. हे रूप भारतीयांतही आढळते.