बॅटरीची नाडीपरीक्षा

घाटाखाली खामगाव-मलकापूरच्या बाजारात माल पोचवायचा आहे. डिझेल पिकअप पहाटेच भरून तयार. चावी फिरवावी, तर स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो! जमलेल्यांपैकी कोणी म्हणतो, ‘बॅटरी गेली.’ नवी बॅटरी येते, हजारो रुपये जातात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणे. दोष कुणाचा, हे ओळखण्याची विद्या मात्र जुनी आहे. तिचा इतिहास ठाऊक असला, तर हा खर्च पुष्कळदा वाचतो.

इटलीच्या व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युतघटमाला रचली. पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येईल अशी बॅटरी फ्रान्सच्या प्लांते याने १८५९ साली केली. शिशाचे दोन पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल, एवढेच तिचे भांडवल. आपल्या गाडीतली बॅटरी आजही बहुधा त्याच कुळातली. सहा घट मिळून बारा व्होल्ट. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, आणि हँडल मारण्याचा जाच हळूहळू संपला.

डिझेल इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. त्यात ठिणगी नसते. हवा पंधरा-वीस पट दाबून तापवतात. म्हणून त्याच्या स्टार्टरला ताकद फार लागते, आणि बॅटरीचा अशक्तपणा तिथे आधी उघडा पडतो.

आता परीक्षा घेऊ. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला व्होल्टमीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.२ ला सुमारे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. झाकणे उघडत असतील तर हायड्रोमीटर घ्या. बॅटरी उतरते तेव्हा आम्ल खर्ची पडते आणि पाणी वाढते, म्हणून द्रव हलका होतो. भरलेल्या घटात आकडा १.२६ ते १.२८ येतो. पाच घट सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो घट गेला असे समजावे.

बॅटरी भरलेली, तरी स्टार्टर फिरेना? मग जर्मनीतला शाळामास्तर ओम आठवा. वाटेत अडथळा आला की दाब खर्ची पडतो, हा त्याचा १८२७ चा नियम. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी हाच तो अडथळा! ती घासून काढा, अर्थची तार आवळा.

बॅटरी वारंवार उतरते? मग फॅरेडेकडे जा. चुंबकाच्या हालचालीतून वीज निघते, हे त्याने १८३१ साली दाखवले. अल्टरनेटर त्यावरच चालतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ च दिसले, तर नवी बॅटरीही उपाशीच राहणार. आधी पट्टा पाहा, मग अल्टरनेटर.

घाटाखालचा उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो. पाणी आटले तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचे नको. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. तार सोडताना आधी ऋण, जोडताना ती शेवटी.

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही आधी मोजावे आणि मगच पैसे मोजावेत.