रानकोंबड्याचे पीस आणि गळावरची माशी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या जंगलात राखी रानकोंबडा आढळतो. नराच्या मानेवरील पिसांवर मेणासारखे चकाकणारे पांढरे-पिवळे ठिपके असतात. जुन्नर-आंबेगावात कुकडी आणि घोडच्या काठी गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लागते, पिसांचे तिथे काम नाही. ब्रिटनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात या जातीच्या पिसांना मोठी मागणी होती. गळावर रेशमी दोरा, लोकर आणि पिसे गुंडाळून तिथे कृत्रिम माश्या बांधत. ट्राउटसाठी त्या पाणकिड्यांसारख्या असत. सॅमनच्या भडक माश्यांना रानकोंबड्याचे पीस हमखास लागे, पण त्या कोणत्याच किड्यासारख्या दिसत नसत. अंडी घालायला नदीत परतलेला सॅमन जवळपास काही खात नाही. तेव्हा ही सजावट माशापेक्षा गळ टाकणाऱ्यालाच अधिक भुलवत असावी.

पिसाचा नेमका उपयोग अमेरिकेत झाला. पेनसिल्व्हेनियाच्या व्हिन्सेंट मारिनारो यांनी ते गळावर आडवे बसवून पाण्यात पडलेला तुडतुडा साकारला. १९५० च्या त्यांच्या पुस्तकामुळे ही माशी प्रसिद्ध झाली.

भारतातून पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिले आणि १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. आता ही पिसे परदेशात पाळलेल्या पक्ष्यांपासून मिळतात, किंवा त्यांच्या जागी नकली वापरतात.