नकाशामागची वेठ

हिंगणघाट म्हटले की आपल्यापुढे कापसाची पेठ उभी राहते. त्याच गावी २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन वारला. त्याची कबरही तेथेच आहे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांचे अंतर साखळीने मोजून त्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणी मोजणीला आरंभ केला होता. एक बाजू मोजायची, डोंगरावरून कोन घ्यायचे, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकायचे. कागदावर हे सोपे दिसते. पण कोन घेणारे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे! ते माथ्यावर चढवायचे, दृष्टीआड येणारी झाडे तोडायची, दूरच्या डोंगरावर निशाण रोवून उभे राहायचे, हे काम खलाशांचे. सर्व्हेतल्या मजुरांना खलाशीच म्हणत. दर्याशी त्यांचा संबंध नव्हता.

१८१९ साली कृष्णा-गोदावरीमधल्या रानात तापाने छावणीच आडवी झाली. लॅम्बटनचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट हाही खंगला. त्याला हवापालटासाठी आफ्रिकेच्या टोकाला, केपला, जाता आले. खलाशाला कसला केप!

या मजुरांची बाजू घेणारा एक माणूस मात्र त्याच खात्यात निघाला, आणि तो मजूर नव्हता. कलकत्त्याचा राधानाथ सिकदर १८३१ साली महिना तीस रुपयांवर गणिती म्हणून लागला. पुढे एव्हरेस्टचे नाव मिळालेल्या शिखराच्या उंचीची आकडेमोड त्याच्याच नावाशी जोडली जाते, आणि तेवढेच आपण मुलांना शिकवितो. मला त्याची दुसरी गोष्ट मोठी वाटते. १८४३ साली डेहराडूनला मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्टने सर्व्हेचे मजूर वेठीस धरले. सिकदर आडवा आला. त्यालाच कोर्टात उभे केले आणि दोनशे रुपये दंड ठोठावला. रामगोपाल घोष यांच्या ‘बेंगॉल स्पेक्टेटर’ने हे प्रकरण सविस्तर छापले, म्हणून ते आज आपल्याला कळते. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी वेठ मोडली ती यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, हे ध्यानात घ्या.

सिकदर १८७० साली वारला. त्याने ज्या ग्रंथाचे गणिती भाग लिहिले होते, त्या सर्व्हेच्या मार्गदर्शक ग्रंथाची नवी आवृत्ती १८७५ साली निघाली, तेव्हा प्रस्तावनेतून त्याचे नाव गाळले गेले होते. पुढच्याच वर्षी ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजांच्याच पत्राने त्याबद्दल खात्याला चांगलेच फैलावर घेतले.