ताकदीचा बस्ती : शरीराला खालून जेवू घालता येते का?

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या 82 वर्षांच्या आईला दवाखान्यात घेऊन आले. आजी दोन महिन्यांत अगदी वाळून गेल्या होत्या. मुलाने बसता बसताच विचारले, "डॉक्टर, हिच्या पोटात घास जात नाही. दुधाचा, ताकदीचा बस्ती असतो म्हणे. तो दिला तर अंगाला लागेल ना?"

हा प्रश्न तुमच्याही घरात कधी निघाला असेल. आई-वडील जेवेनासे झाले की माणूस कोणताही मार्ग शोधतो. 'हो' किंवा 'नाही' म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण ग्रंथात बस्तीने बळ येते असे खरोखरच लिहिले आहे. ते कोणी, कोणत्या अर्थाने लिहिले, हे आधी पाहू.

बस्ती म्हणजे मूळ संस्कृतात मूत्राशय. बकरा, म्हैस, हरीण, डुक्कर अशा प्राण्यांचे मूत्राशय पिशवीसारखे वापरून औषध गुदमार्गाने आत सोडत, म्हणून उपचारालाही तेच नाव पडले. पिशवी कशी असावी हेही ठरलेले होते: शिरा काढलेली, वास नसलेली, तुरट काढ्यात रंगवलेली, पातळ पण मजबूत. तिला जोडायची नळी सोन्या-चांदीपासून हाड, शिंग, वेळूपर्यंत कशाचीही चाले. तिचा आकार गाईच्या शेपटीसारखा निमुळता. लांबी वयाप्रमाणे: 6 वर्षांच्या मुलाला 6 अंगुळे, 12 व्या वर्षी 8, 20 व्या वर्षी 12. पिशवी दाबताना थोडे औषध आत शिल्लक ठेवायचे, म्हणजे पोटात हवा जात नाही. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय दुमडायचा. आजही कोणतीही नर्स एनिमा देताना हेच करते.

चरकसंहितेत हे सगळे सिद्धिस्थानात येते. हा भाग मूळ चरकाच्या हातचा आपल्याला मिळालेला नाही. ग्रंथाचा बराच भाग हरवला होता. चिकित्सास्थानाचे 17 अध्याय आणि कल्प व सिद्धि ही दोन्ही स्थाने दृढबल नावाच्या वैद्याने पुरी केली. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचे चार अध्याय या विषयाला दिले आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात 19 वा अध्याय त्याला दिला, आणि त्या ग्रंथावर आपल्या देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याने 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. मोडी आणि देवळे यांच्यापुढे त्याचे वैद्यक आपण विसरूनच गेलो.

आता मुद्द्याचे. बस्तीचे ढोबळ दोन प्रकार. काढ्याचा तो निरूह, तेला-तुपाचा तो अनुवासन. निरूहात आधी मध, मग सैंधव, मग तेल किंवा तूप, मग चटणीसारखे वाटलेले औषध आणि शेवटी काढा, याच क्रमाने घोटायचे. मोठ्या माणसासाठी 12 प्रसृत हे कमाल माप सांगितले आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास 1150 मिली. मी स्वतः इतका कधी देत नाही.

यांच्याशिवाय तिसरा एक गट आहे, यापन बस्तींचा. यापन म्हणजे आयुष्य पुढे नेणारा. तुमच्या कानावर आलेला 'ताकदीचा बस्ती' तो हाच. यात नागरमोथ्यासारख्या वनस्पतींनी सिद्ध केलेले दूध, मांसरस, मध, तूप, कोंबडीच्या अंड्यांचा रस असतो. काही पाठांत अख्खा मोर (पिसे, पाय, चोच, आतडी काढून) दुधात शिजवायला सांगितला आहे, तर काहींत बैलाचे, बकऱ्याचे, डुकराचे वृषण आणि खेकडे. यांनी बळ, मांस, शुक्र वाढते असे स्पष्ट म्हटले आहे. पदवीला असताना हे वाचून आम्ही वर्गात हसायचो. पुढे लक्षात आले, की लिहिणाऱ्याने जे जे पौष्टिक समजले जाई ते सगळे एका भांड्यात आणले होते.

याचा खुलासा ते झाडाच्या उदाहरणाने करतात. मुळाशी पाणी घातले की पालवी, फुले, फळे येतात, तसे गुदमार्गाने दिलेले औषध सर्वांगाला पोचते. पण दुसरे उदाहरणही तिथेच आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. आकाशातला सूर्य जसा जमिनीवरचा रस ओढून घेतो, तसा पक्वाशयातला बस्ती आपल्या वीर्याने डोक्यापासून पायापर्यंतचे दोष ओढतो. इथे पोचते ते वीर्य, म्हणजे गुण. दूध आणि मांसरस रक्तात जाऊन अन्नाचे काम करतात असा दावा इथे नाही.

आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे: बस्ती जेवणाला बांधलेला आहे. अनुवासन जेवणानंतरच द्यायचा, उपाशीपोटी नाही. निरूह पोट रिकामे असताना द्यायचा, आणि तो बाहेर पडून गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ घालून मांसरस आणि भात खाऊ घालायचा. जो जेवूच शकत नाही त्याचे जेवण म्हणून बस्ती, असा विचारच या मांडणीत बसत नाही.

तो विचार प्रत्यक्षात केला तो पाश्चात्त्य डॉक्टरांनी, एकोणिसाव्या शतकात. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गोळी लागली. पोटात अन्न ठरेना तेव्हा डॉ. ब्लिस यांनी त्यांना गुदमार्गाने गोमांसाचा अर्क, अंडी, दूध, व्हिस्की द्यायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष खंगत गेले. जखमेतला जंतुसंसर्ग होताच. 19 सप्टेंबरला ते वारले. पुढच्या वर्षी ब्लिस यांनी या पद्धतीवर लेखही छापला.

का चालले नाही? अन्न पचवायला पित्त आणि स्वादुपिंडाचा रस लागतो, तो लहान आतड्यात वरच्या बाजूला मिसळतो. अन्न शोषणारे केसासारखे अंकुरही लहान आतड्यातच असतात. मोठे आतडे शोषते ते मुख्यतः पाणी आणि क्षार. काही औषधे मात्र गुदमार्गाने चटकन रक्तात जातात. मुलाला आकडी आली की डायझेपाम तिथून देतात ते यामुळेच. मोठ्या आतड्यातले जंतू तंतुमय पदार्थांपासून जी छोटी मेदाम्ले बनवतात, त्यांवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. इतके खरे. पण आजीबाईंची दिवसाची पोळी-भाजी तिथून आत जाणार नाही. नळीला वाट न देणाऱ्या रुग्णांना शिरेतून पूर्ण अन्न देण्याची सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, तेव्हा तो जुना प्रश्न खरा सुटला.

आता तुम्हाला 'शक्तिवर्धक बस्तीचे 21 दिवस' असे पॅकेज कोणी विकत असेल, तर त्याच सिद्धिस्थानातली पुढची ओळ त्याला विचारा. यापन बस्ती अति घेतला तर सूज, अग्नी मंद होणे, पांडुता, पोटदुखी, मूळव्याध, ताप, अतिसार होतात असे तिथे लिहून ठेवले आहे. कच्चे अंडे किंवा मांसरस घरच्या पिचकारीने देणे हा तर जंतूंना दिलेला आमंत्रणाचा विडा आहे. म्हाताऱ्या माणसाचे आतडे नाजूक असते, नळीने भोकही पडू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्षारांचा तोल बिघडतो. जुलाब चालू असताना, शौचावाटे रक्त जात असताना, किंवा आतड्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले असताना बस्ती मागू नका.

त्या आजींकडे परत येतो. मी त्यांना तोंड उघडायला सांगितले. खालची कवळी सैल होऊन हिरडीवर मोठी जखम झाली होती. त्या ती कोणाला सांगत नव्हत्या, नुसते "नको" म्हणत होत्या. दंतवैद्याकडे पाठवले, तोवर मऊ भात, वरण, दूध, अंड्याचा बलक नीट शिजवून, थोडे थोडे, दिवसातून सहा वेळा. शौचाला खडा होत होता म्हणून रोज जेवणानंतर 60 मिली तेलाचा मात्रा बस्ती आठवडाभर दिला. मुलाचे समाधान झाले नव्हते. "मग दुधाचा कधी?" असे त्याने जाताना परत विचारलेच. दूध तोंडाने, असे सांगून मी पुढच्या रुग्णाला बोलावले.